धार, कुत्रं आणि अंगाचा साबण

वऱ्हाडात धबधबा असतो हे मला मान्यच नव्हतं. मी दापोलीकडचा. आमच्याकडे पावसाळ्यात परसातल्या गडग्यावरूनही पाणी कोसळतं, आणि त्याला कोणी धबधबा म्हणत नाही. 'पाणी लागलंय' एवढंच म्हणतात. कारंज्याच्या शाळेत भूगोल शिकवायला लागून मला तीन वर्षं झाली होती. त्या तीन वर्षांत मी कापूस पाहिला, कापसाच्या गाड्या पाहिल्या, जिनातून उडणारी सरकीची धूळ खाल्ली. पण वरून खाली पडणारं पाणी मात्र पागोळ्यांशिवाय कुठे पाहिलं नव्हतं. आमचं वऱ्हाड तेव्हा नुकतंच मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आलं होतं. शाळेतले नकाशे जुनेच होते. 'ही रेघ नाही असं समजा, ती रेघ आहे असं समजा' असं म्हणत मी शिकवत असे, आणि त्यामुळे माझा पारा कायम चढलेला असे.

अशाच एका तासानंतर आमच्या शाळेचा शिपाई गणपत नकाशा गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "गुरुजी, आमच्या गावाकडं धार हाय. चाळीस हातावरून पडते."

"पडत असेल. धोतर पिळल्यावर पडते तशी," मी म्हणालो.

गणपत चाळिशीचा, सरळ माणूस. त्याला ते लागलं. दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पेरणीसाठी चार दिवसांची रजा काढली. तुमाले बी सुट्टी हाय. चाला मंग. डोयानं पाहा, अन् मंग बोला." आता नाही म्हणणं म्हणजे शेपूट घालणं झालं असतं. मी पिशवीत एक जोडी कपडे, पंचा, वही, छत्री आणि अंगाचा साबण टाकला. साबणाशिवाय मी कुठे जात नाही. माणसाने एक वेळ जेवू नये, पण आंघोळ नीट करावी, या मताचा मी आहे, आणि या मतापायीच पुढचं सगळं झालं.

शुक्रवार, वस्तीवर

वऱ्हाडातल्याच मालेगावपर्यंत मोटारीने गेलो. तो प्रवास सांगण्यासारखा नाही. पुढच्या बाकावरच्या बाईच्या कोंबडीने माझी टोपी दोनदा पाडली, एवढंच. मालेगावला गणपतच्या गावची बैलबंडी आली होती. बंडीने डोंगराच्या पायथ्यापर्यंत नेलं आणि पुढचा दीड कोस पायी.

वस्तीचं नाव मी देत नाही. दिलं तर लोक डबे घेऊन जातील आणि केळीच्या साली टाकून येतील.

त्या दीड कोसात काळ्या मातीची आणि माझी पहिली खरी ओळख झाली. आमची कोकणातली तांबडी माती पायाला लागते आणि सुटते. ही सुटत नाही. दहा पावलांत माझे बूट शेर शेर जड झाले, वीस पावलांत मी दोन बोटं उंच झालो, आणि पन्नासाव्या पावलाला उजवा पाय वर आला तो बुटाशिवाय. गणपत वहाणा हातात घेऊन मजेत चालला होता.

"आधी सांगायचं नाही का?" मी ओरडलो.

"काय सांगाले पायजे? पावसात वावरातून कोनी जोडे घालून चालते का?" गणपतने मलाच विचारलं.

हे वाक्य लक्षात ठेवा. त्या वस्तीवर सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि म्हणून कोणी कोणाला काही सांगत नाही.

वस्ती तीसेक घरांची. वर डोंगर, त्यावर साग आणि सालई, उतारावर पळस. मृग कोरडा गेला होता. आर्द्रात लागोपाठ दोन जोरदार पाऊस झाले आणि परवापासून उघडीप होती. शेतं नांगरून, वखरून काळीभोर पडली होती, पण कुठेही पेरणी सुरू नव्हती. येताना वाटेत खालच्या गावांच्या शिवारात पेरणीच्या तिफणी चाललेल्या मी पाहिल्या होत्या. इथे मात्र तिफणी घराच्या भिंतींना टेकून उभ्या. मी गणपतला विचारलं, "तुमचे लोक कशाची वाट पाहतायत?"

"आबाजी सांगतीन तवा," तो म्हणाला.

आबाजी म्हणजे गणपतचे थोरले चुलते. सत्तरी ओलांडलेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पांढरे झालेले, दिसत काही नाही. ओसरीवर घोंगडीवर बसून असतात, आणि त्यांच्या पायाशी एक म्हातारं, भुरकट, एक कान फाटलेलं कुत्रं. नाव भुऱ्या. मला कुत्री आवडत नाहीत. लहानपणी एकाने पोटरी धरली होती आणि पोटात चौदा सुया घ्याव्या लागल्या. तेव्हापासून कुत्रं दिसलं की माझा हात पोटावर जातो. मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसलो.

गणपतच्या बायकोने, गिरजाबाईंनी, जेवायला वाढलं. ज्वारीची भाकर, ठेचा, आणि एक पालेभाजी. पहिल्या घासाला मी चमकलो. "हा तर टाकळा!" आमच्याकडे पावसाच्या सुरुवातीला हीच भाजी असते, आम्ही नारळ घालतो, यांनी लसूण आणि तिखट घातलं होतं.

"टाकया नाई जी, तरोटा," गिरजाबाई म्हणाल्या. "तुमच्याकडं बी उगवते का? मंग तुमी एवढे दूर कायले आले?"

घरात डोक्यावर तुळईला एक मडकं टांगलेलं होतं. तोंडाला फडकं, त्यावर शेणामातीचा लिंपा. मी विचारलं तर गिरजाबाईंचा हात आपोआप वर गेला, मडकं जागेवर आहे ना हे पाहिल्यासारखा. त्यात बियाणं होतं. राखेत आणि कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेली ज्वारी. गेल्या वर्षीची हकीकत त्यांनी तेव्हा सांगितली. पेरणी कधी ते आबाजी धार पाहून सांगत; त्यांची नजर गेली म्हणून गेल्या साली धार पाहायला वस्तीवरचा एक जवान गडी गेला. परत येऊन म्हणाला, धार भरली, पेरा. सगळ्यांनी पेरलं. कोंब वर आले आणि पंधरा दिवस पाण्याचा थेंब नाही. सगळं जळालं. दुसऱ्यांदा पेरलं ते घरातलं खायचं धान्य काढून. यंदा चैत्रापासून त्यांच्या घरात कण्याच शिजत होत्या, पण या मडक्याला त्यांनी हात लावू दिला नव्हता.

"पोरीनं म्हटलं, माय, एक पायली काढ. म्या म्हटलं, मले काढ घरातून, बियाणं नाई निंघत," त्या म्हणाल्या. "हे जमिनीत गेलं अन् वर नाई आलं, तर दुसरं नाई जी. खालून नाई, वरून नाई, शेजारून नाई. साऱ्यायचं असंच हाय."

मी हातातल्या भाकरीकडे पाहिलं. हे पीठ आलं कुठून मग? विचारायची हिंमत झाली नाही. गणपतनेच नंतर सांगितलं की पाहुणा येणार म्हणून शेजारणीकडून आणलं. मी कोकणातला माणूस. आमच्याकडे धुळीतसुद्धा भात पेरून टाकतात, कारण पाऊस येणार की नाही हा प्रश्नच नसतो, कधी थांबणार हा असतो. बियाण्याचं मडकं डोक्यावर टांगून माणूस त्याच्याखाली कण्या खातो, हे मी पहिल्यांदा पाहत होतो.

शनिवार, धारेवर

सकाळी गणपत तिफणीच्या दोऱ्या आवळत बसला होता. मी म्हणालो, "तू कामं कर. मला वाटाड्या नको. डोंगर चढण्यात माझा जन्म गेलाय."

आबाजींनी ओसरीवरून ऐकलं. "मास्तर, एकले जाता? बरं हाय. मंग भुऱ्या संग घ्या. रस्ता त्याले ठाऊक हाय."

"नको, नको, कुत्रं नको."

"घ्या. तुमी त्याले नाई न्यायचं, तो तुमाले नेईन. अन् एक करा, त्याले त्याच्या मनानं जाऊ द्या."

याचा अर्थ मी असा घेतला की कुत्रं भटकं आहे, त्याला ओढाताण चालत नाही. मला तर ते लांब राहिलेलंच हवं होतं. मी मान डोलावली. आंधळ्या माणसापुढे मान डोलावली हे नंतर लक्षात आलं, म्हणून तोंडानेही "बरं" म्हणालो. वस्तीतली चार-सहा माणसं आम्हाला वेशीपर्यंत पोचवायला आली. एका धबधब्यासाठी एवढं कौतुक पाहून मी मनातून खूश झालो.

भुऱ्या पुढे, मी दहा हात मागे. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. वाट फुटायची तिथे तो थांबायचा, मी दिसेपर्यंत बसायचा, दिसलो की उठून चालायला लागायचा. आमच्या शाळेच्या तपासणीला येणारे साहेब असेच चालतात. शेतं संपली, मुरूम लागला, पाय मोकळे झाले. पळसाखाली मखमली लाल किडे फिरत होते. एका चढावर चार रोही, म्हणजे नीलगायी, उभे होते. आम्हाला बघून नाक उडवून सागात शिरले. भुऱ्याने त्यांच्याकडेही पाहिलं नाही. तो कामावर निघाला होता, आणि हे मला तेव्हा कळलं नाही.

तासाभराने आवाज आला. आधी वाटलं वारा. मग दरीच्या वळणावर ती एकदम दिसली.

आता कबूल करतो. धार चाळीस हात होती. काळ्या कातळाच्या पायऱ्या, त्यांवरून तीन टप्प्यांत पडणारं पाणी, मधल्या टप्प्यावर उंबराचं एक झाड आडवं वाढलेलं, आणि खाली कुंड. कोकणातल्या धबधब्यांपुढे ती लहानच. पण आमच्याकडे सगळा डोंगर ओला असतो आणि त्यातच एक धबधबा असतो. इथे चारी बाजूंना मुरमाड, अजून अर्धवट पिवळा डोंगर, आणि मध्येच हे पाणी. मी तोंड उघडं टाकून उभा राहिलो. "गणपत, हरलो रे बाबा," असं मोठ्याने म्हणालो. ऐकायला कुत्रंच होतं.

धारेपाशी जायला कुंडातून निघणारा नाला ओलांडावा लागतो. भुऱ्या सरळ पाण्यात शिरला, दोन पावलांत त्याची पाठ बुडाली आणि तो डोकं वर धरून पोहत पलीकडे गेला. मी धोतर-सदरा डोक्यावर बांधला, पंचा नेसला आणि मागोमाग उतरलो. पलीकडे सपाट खडकावर बसून मी वही काढली आणि लिहायला लागलो. सात पानं लिहिली. 'रमणीय', 'रौप्य', 'तुषार', सगळे शब्द वापरले.

मग आंघोळ. अंगाला साबण लावला, तो निसटला, कुंडात पडला. वाकून उचलला, परत लावला. काय सांगू, तीन वर्षांत असं पाणी अंगावर घेतलं नव्हतं.

परत निघायच्या वेळी भुऱ्या उठेना. एक पाय वर धरून चाटत होता. पाहिलं तर पंजात हिवराचा काटा, बोटाच्या पेराएवढा, अर्धा आत मोडलेला. माझा हात पोटावर गेला. पण त्याला तसंच टाकून जाणार कसा? आणि रस्ता त्यालाच माहीत! मी दुरूनच "यू यू" केलं. मग जवळ बसलो. मग त्याचा पंजा हातात घेतला. नखांनी काटा ओढला, रक्त आलं, भुऱ्याने दात दाखवले आणि परत तोंड मिटलं. चावला नाही. चाळीस वर्षांच्या आयुष्यात एका कुत्र्याने मला सूट दिली!

माझ्या मनात त्याच्याविषयी असा काही उमाळा दाटून आला की मी त्याला आंघोळ घातली. खडकावर ओंजळीने पाणी ओतून, डोक्यापासून शेपटापर्यंत साबण लावून, दोनदा. कानामागचा मळ काढला. पंच्याने खसखसून पुसला. जखमेला परत पाणी लागू नये म्हणून त्याला खांद्यावर आडवा घेतला, मेंढपाळ कोकरू घेतो तसा, आणि नाला ओलांडला. दोन्ही हात अडकलेले, धोतर वर धरायला हात नव्हता, ते भिजलं. भिजू दे म्हटलं. पलीकडे त्याला खाली ठेवलं आणि चिखल आला की परत उचललं. असं करत करत, स्वतःवर फार खूश होत, मी वस्तीवर आलो.

शनिवार, मारुतीच्या पारावर

दुपार कलली होती. मारुतीच्या पारावर सगळी वस्ती जमलेली. बाया एका बाजूला, गडी एका बाजूला, मधोमध घोंगडीवर आबाजी. मला वाटलं, माझं वर्णन ऐकायला जमले आहेत. मी भुऱ्याला खाली ठेवलं, वही काढली, घसा साफ केला.

"मंडळी, धार आज मी पाहिली. काय ते दृश्य..."

"मास्तर, थांबा," आबाजी म्हणाले. "कुत्रं इकडं द्या."

भुऱ्या लंगडत त्यांच्याकडे गेला. म्हाताऱ्याने दोन्ही हात पुढे केले. आधी पायांवरून फिरवले, मग पोटाखालून, मग पाठीवरून. बोटं केसांत खोल घातली, चोळली. हात नाकाशी नेला. परत पाठ चाचपली.

"हे काय लावलं याले?"

"साबण," मी म्हणालो. "फार घाण झाला होता. चांगली आंघोळ घातली. आणि काटा काढला, म्हणून खांद्यावर आणला. वाटेत पाण्यात उतरू दिला नाही."

एका बाईच्या तोंडून "माय वं!" निघालं. गणपतने कपाळावर हात मारला. गिरजाबाई जागच्या उठून उभ्या राहिल्या. "काय केलं गुरुजी तुमी हे? अवो, काय केलं?"

"काय केलं? काटा काढला!"

मग एकेकाने सांगितलं, सगळ्यांनी एकदम. आबाजींना दिसत नाही, चढवत नाही. गेल्या सालच्या फजितीपासून माणसाच्या सांगण्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. म्हणून यंदापासून धारेवर भुऱ्या जायचा. नाल्यात कुत्र्याला पोहावं लागलं तर पाठ भिजते. चालत जाण्याइतकं असेल तर नुसतं पोट. आणि पाणी गढूळ असेल तर केसांच्या मुळाशी बारीक गाळ बसतो. पाऊस थांबून दोन दिवस झाल्यावरही पाणी पाठीवरून गेलं आणि केसांत गाळ नसला, तर समजायचं की हे नुसतं वरून वाहून आलेलं नव्हे. डोंगर पोटभर प्याला आहे आणि आता झरे सुटले आहेत. मग मध्ये पाऊस ओढला तरी खालच्या जमिनीतली ओल कोंबाला पुरते. आणि मी त्या कुत्र्याला साबण लावून, पुसून, खांद्यावरून आणलं होतं.

"वाफसा उद्याचाच हाय," कोणीतरी म्हणालं. जमिनीला बरोबर तेवढीच ओल होती की तिफण चालेल आणि चिखल होणार नाही. पश्चिमेला ढग चढत होते. उद्या पेरलं नाही आणि झड लागली तर शेतात पाऊलही ठेवता येणार नव्हतं. आणि उद्या चुकीचं पेरलं तर गिरजाबाईंचं मडकं संपलं. भुऱ्याला परत पाठवावं तर त्याचा पाय टेकत नव्हता.

मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. "मला कोणी सांगितलं होतं का?" मी ओरडलो. "एकाने तरी तोंड उघडलं?"

"सांगाले काय पायजे?" गिरजाबाई तेवढ्याच जोरात म्हणाल्या. "साऱ्या गावाले ठाऊक हाय!"

"मी काय तुमच्या गावचा आहे?"

आबाजी मान तिरकी करून बसले होते. मग हळूच म्हणाले, "हे खरं हाय. हा गावचा नाई. याले वावर नाई."

"त्याचं काय?" गणपत म्हणाला.

"गेल्या साली गेला त्याले आठ एकर होतं. त्याले पेराची घाई होती, म्हणून त्याले धार भरलेली दिसली. खोटं नाई बोलला तो. त्याले दिसलीच तशी. कुत्र्याले वावर नाई, म्हणून म्या कुत्रं पाठवलं. मास्तरले बी नाई. मास्तर, काय पाह्यलं ते सांगा. पानी कसं होतं?"

मी वही उघडली. सात पानं चाळली. 'रौप्य' होतं, 'तुषार' होतं. पाणी गढूळ की नितळ, हे एका ओळीतही नव्हतं. भूगोलाचा मास्तर! "आबाजी, मी ते पाहिलंच नाही," मी म्हणालो. "लिहीत होतो. मग आंघोळ केली. साबण पडला कुंडात, तो काढला. एवढंच."

"काढला कसा?"

"वाकून. बुडाशी दिसत होता."

म्हातारा पुढे झुकला. "दिसत होता? किती पान्यात?"

"कमरेइतक्या. खडकावर पडला होता. त्याच्यावरची अक्षरंसुद्धा दिसत होती."

पारावर कुजबुज झाली. "ज्याच्यानं बिघडलं त्यानंच सांगतलं," मागून एक म्हातारी म्हणाली. आबाजी हसले नाहीत. म्हणाले, "अन् नाल्यात पानी कुठलोक? तोंडानं नोका सांगू. इकडं या."

मी गेलो. त्यांनी मला उभं केलं आणि बाजारात गोऱ्हा चाचपतात तसं सगळ्या गावादेखत चाचपायला सुरुवात केली. पोटऱ्या, गुडघे. "हा रस्त्याचा चिखल." मग मांडी, मग कमर. निऱ्या चिमटीत धरून पिळल्या. अजून पाणी निघत होतं. ते तळव्यावर चोळलं, बोटांनी कण शोधले. दोनदा, तीनदा. एरवी कोणी माझ्या अंगाला असा हात लावला असता तर मी त्याला सोडला नसता. तेव्हा मात्र श्वास धरून उभा होतो, आणि मनात एकच होतं, की काहीतरी चांगलं निघू दे.

"उंच मानूस हाय. याच्या मांडीलोक म्हंजे कुत्र्याच्या पाठीवरून गेलं. याच्या तं कमरेवर हाय," आबाजी म्हणाले. "अन् गाळ नाई. खडा बी नाई." त्यांनी हात धोतरालाच पुसला. "पेरा."

गिरजाबाई घराकडे वळल्या. चार पावलांवर थांबून मागे पाहिलं. "गुरुजी, आता हे धोतर तरी धुऊ नोका," त्या म्हणाल्या.

रविवार, शेतात

पहाटे मडकं उतरलं. लिंपा फोडताना गिरजाबाईंनी मारुतीचं नाव घेतलं. तिफणीच्या तीन नळ्यांवर लाकडी वाटीसारखं चाडं असतं. तिफणीमागे चालत बाई त्यात मुठीतून दाणे सोडत जाते. ना जास्त, ना कमी. गणपत बैल हाकत होता, गिरजाबाई मूठ सोडत होत्या. मी बांधावरून पाहत होतो. भुऱ्या शेजारी येऊन बसला. माझ्याकडे पाहिलं नाही, पण पाठ माझ्या पायाला टेकवली. मी पाय हलवला नाही.

दुपारी मी निघालो. गिरजाबाईंनी भाकर बांधून दिली. मी घेतली नाही, त्या रागावल्या, मग घेतली.

कारंज्यात

त्या रात्री एक सर आली आणि मग पाऊस गेला. आठ दिवस गेले, दहा गेले. ऊन असं पडलं की वैशाख परतल्यासारखं वाटावं. बाजारात माणसं खालच्या गावांतल्या जळालेल्या कोंबांविषयी बोलत होती. मी वर्गात मोसमी वारे शिकवत होतो आणि खिडकीबाहेर पाहत होतो. कोकणात जन्म काढला, पण पावसाची वाट पाहणं म्हणजे काय हे मला तोवर ठाऊक नव्हतं. शाळा सुटली की गणपत आणि मी फाटकाशी उभे राहून पश्चिमेकडे पाहत असू. त्याच्या मडक्यातली ज्वारी माझ्या धोतराच्या भरवशावर जमिनीत गेली होती.

धोतर खुंटीवर होतं. चिखलाच्या पोटऱ्या, सुरकुतलेल्या निऱ्या, कुबट वास. माझी बायको पहिल्या दिवशी नुसती बोलली. तिसऱ्या दिवशी तिने ते बादलीत टाकलं, मी बाहेर काढलं. "अहो, तुम्हीच ना ते, जे रुमाल दिवसातून दोनदा धुता?" ती म्हणाली. मी सगळी हकीकत सांगितली. त्यानंतर तिने त्याला हात लावला नाही. झाडताना खुंटीखालून जपून वाकून जायला लागली.

अठराव्या दिवशी पाऊस आला. त्या रविवारी गणपत गावी गेला आणि सोमवारी शाळेत न जाता सरळ माझ्या दारात आला. मी पाटावर बसलो होतो, तसाच उठलो.

"हाय," तो म्हणाला. "समदी हाय जी. पिवळी पडली होती, पन मेली नाई. आता हिरवी झाली. वीतभर." त्याने हाताने वीत दाखवली. मग डोळे पुसून म्हणाला, "तिनं सांगून पाठवलं, गुरुजीले म्हना, आता धुवा. अन् भुऱ्याचा पाय बरा हाय, पन गावातले कुत्रे अजून त्याले जवळ घेत नाई. साबनाचा वास येते म्हने."

मी खुंटीवरून धोतर काढलं, तोच साबण घेतला आणि विहिरीवर गेलो.